मंडई हलते तेव्हा

डोक्यावरचा हारा उतरवायला कुणीतरी हात लावतं आणि तुमच्या मानेतली कळ जरा सैल होते. साल 1882, श्रावणातली सकाळ. समोर शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा. खिळ्यांची दारं जागच्या जागी आहेत, आत वाडा मात्र नाही. तो 1828च्या आगीत गेला. त्या दारासमोरच्या मैदानात, उघड्या आभाळाखाली पुण्याची मंडई भरते आणि तिच्यात तुम्ही माळीण आहात. मुंढव्याहून तांबडं फुटायच्या आधी निघालात. हाऱ्यात मेथीच्या जुड्या, वर ओलं फडकं.

तुम्ही बसता ती जागा कुठल्याच कागदावर नाही. सासू तिथं बसायची म्हणून तुम्ही बसता. डावीकडची वांगीवाली ठरलेली, उजवीकडची मिरच्या-कोथिंबिरीवाली ठरलेली. कसब्यातलं गिऱ्हाईक गर्दीतून वाट काढत बरोबर तुमच्यापुढं येऊन उकिडवं बसतं, घासाघीस करतं, "उद्या देते" म्हणून जातं आणि उद्या खरोखर देतं. तुमच्या धंद्याचं भांडवल मेथी नव्हे, ही ओळख आहे. मेथी काय, सगळ्यांकडेच आहे.

तरीही हे सगळं फार गोजिरं होतं असं मानायचा मोह आवरा. पायाखाली चिखल, त्यात सडका पाला आणि बैलांचं शेण. सर आली की फडकं मेथीवर धरायचं की स्वतःच्या डोक्यावर, हा प्रश्न. त्यात खडकवासल्याचं धरण झाल्यापासून कालव्याचं पाणी हडपसर-मुंढव्याच्या बाजूला खेळू लागलं आहे. पाणी आलं तशी भाजी वाढली, भाजी वाढली तशा गाड्या वाढल्या, आणि मैदान पुरेनासं झालं. नाक्यावर जकात भरून आत आलेला माल दुपारपर्यंत गेला नाही, तर संध्याकाळी तो मातीमोल. म्हणजे काहीतरी करायला हवंच होतं. कुणी, कुणाच्या पैशानं आणि कशाच्या आधी, एवढंच ठरायचं होतं.

दुपारी बातमी येते. शुक्रवार पेठेत, खासगीवाल्यांच्या बागेच्या जागी, म्युन्शिपाल्टी मोठा दगडी बाजार बांधणार. वांगीवाली विचारते, "मग आपण कुठं बसायचं?" उत्तर कुणालाच माहीत नाही, कारण हा प्रश्न तुम्हाला कुणी विचारलेलाच नाही.

म्युनिसिपालिटीत त्या खर्चाला विरोध करणारा एक सभासद मात्र तुमच्यातलाच आहे. जोतीराव फुले, राहणार गंज पेठ. 1876पासून ते सरकारनियुक्त सभासद आहेत. त्यांचं म्हणणं असं, की बाजाराच्या इमारतीवर एवढा पैसा घालण्यापेक्षा तो गोरगरिबांच्या शिक्षणावर घाला. दोन वर्षांपूर्वी व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायला विरोध करणारेही ते एकटेच होते.

आता हे म्हणणं 'शाळा हवी, बाजार नको' अशा भाबड्या आदर्शवादाच्या खात्यात टाकायची आपल्याला सवय आहे. ती चूक करू नका. हा गृहस्थ सरकारी बांधकामांची कंत्राटं घेतो, त्याची मांजरीला शेती आहे, त्याचं आडनावच घरच्या फुलांच्या धंद्यावरून पडलेलं आहे. दगड-चुन्याचा भाव त्याला ठाऊक आणि मळ्यातून बाजारात यायला काय पडतं तेही ठाऊक. पुढच्याच वर्षी पुऱ्या झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी जकातीखाली भरडल्या जाणाऱ्या शेतकऱ्याचं गाऱ्हाणं मांडलं. माझ्या मते त्यांचा रोख इमारतीवर कमी आणि क्रमावर जास्त होता: या शहराच्या तिजोरीत आधी कुणाचा नंबर लागतो?

नंबर इमारतीचा लागला.

हारा पुन्हा डोक्यावर घ्या. 1886. मान वर केलीत तर तो ढळेल, पण वर बघितल्याशिवाय राहवत नाही. काळा दगड, टोकदार कमानी, मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्याच्याभोवती पसरलेले लांब लांब मंडप. आराखडा वॉल्टर डुकाट नावाच्या साहेबाचा, बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकर या कंत्राटदाराचं. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं ते 'रे मार्केट' झालं. एखाद्या चर्चमध्ये चुकून भाजी विकायला बसल्यासारखं वाटतं. पण वारा खेळता आहे, वर छप्पर आहे, आणि आज पहिल्यांदाच पाऊस पडत असताना तुमचे पाय कोरडे आहेत. या सुखाला नावं ठेवायची असतील तर ज्यानं चिखलात बसून मेथी विकली आहे त्यानं ठेवावीत.

मग कारकून येतो. ओट्याला नंबर, नंबराला भाडं, भाड्याला पावती. डावीकडे आता वांगीवाली नाही, ती कुठल्याशा दुसऱ्या ओळीत गेली. कसब्यातल्या तुमच्या जुन्या गिऱ्हाइकाला शुक्रवार पेठ लांब पडते. काही येतात, काही दारावर येणाऱ्या पाटीवालीकडून घेऊ लागतात. उधारी बुडते ती इथं. लबाडीनं नव्हे, माणूस पुन्हा भेटतच नाही म्हणून. महिनाभरानं सदाशिवातली नवी गिऱ्हाइकं जोडली जातात खरी, पण तो महिना तुम्ही कसा काढला हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही. जिला भाडं परवडत नाही ती भिंतीबाहेर, रस्त्याच्या कडेला पथारी टाकते आणि तिथून तिला उठवायला रोज कुणीतरी येतं.

शेजारच्या घरांचीही घडी मोडते. काल बागेकडे उघडणाऱ्या खिडक्या आज बैलगाड्यांच्या खडखडाटावर उघडतात. ज्याचा ओसरीचा कोपरा रस्त्याला लागून आहे तो मात्र खूश, कारण त्या कोपऱ्याचं दुकान होऊ शकतं. बाजार हलवला की नुसती भाजी हलत नाही, हे पुण्याला पुढच्या तीस-चाळीस वर्षांत कळलं. 1894पासून मंडईकरांचा गणपती शारदेसह बसू लागला. आर्यन सिनेमा आला. 1924 साली मोतीलाल नेहरूंच्या हस्ते टिळकांचा पुतळाही इथंच उभा राहिला, कारण गर्दी इथं होती. आणि तुम्ही सोडून आलात त्या शनिवारवाड्याच्या मैदानाचं काय झालं? तिथली भाजी गेली आणि भाषणं आली. पुणेकरांना दोन्ही रोज ताजी लागतात.

आता 1938च्या सुमाराला या. पुण्याच्या नगरपालिकेत आचार्य अत्रे आहेत आणि त्यांच्या पुढाकारानं रे मार्केटचं नाव बदलून 'महात्मा फुले मंडई' होतं. काव्यगत न्याय म्हणून हा किस्सा पुण्यात चवीनं सांगितला जातो. मला त्यात न्याय थोडा आणि सोय जास्त दिसते. अत्र्यांच्या हेतूविषयी शंका नाही. फुल्यांवर सिनेमा काढणारा तो माणूस. पण ज्या खर्चाला विरोध केला त्याच इमारतीवर विरोधकाचं नाव कोरलं की वाद संपल्यासारखा दिसतो. मुलगी ओट्याखाली गोणपाटावर झोपलेली आणि तुम्ही वरच्या नव्या पाटीवरची अक्षरं ओळखू शकत नाही, एवढ्यावरून तो संपलेला नाही हे कळायला हवं.

पुढची वर्षं भराभर जातात. घाऊक बाजार गुलटेकडीला गेला; त्याच्याबरोबर आडते गेले, हमाल गेले, पहाटे तीनला पेटणाऱ्या चहाच्या चुली गेल्या. मंडईत किरकोळ विक्री उरली. आर्यन पडलं, तिथं वाहनतळ झाला. पेठांमधले वाडे पाडून इमारती उठल्या आणि वाड्यांतली कितीतरी बिऱ्हाडं कोथरूडला, सिंहगड रस्त्याला निघून गेली. हे शेवटचं कुणी ठराव करून घडवलं नाही, पण ओट्यावर बसणारीला त्याचा फटका दगडी बाजारापेक्षा मोठा बसला. पूर्वी ती गिऱ्हाइकापासून दूर गेली होती. या वेळी गिऱ्हाईकच तिच्यापासून दूर गेलं.

29 सप्टेंबर 2024. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोचा टप्पा सुरू झाला, त्यात मंडई हे स्टेशन आहे. कित्येक वर्षं पत्रे लावून रस्ते अडवलेले, धूळ, वळसे, अडून राहिलेलं गिऱ्हाईक. आणि आता सरकत्या जिन्यावरून वर येणारी माणसंच माणसं. तुम्हीही त्यांच्यातच आहात. डोक्यावर हारा नाही, पाठीवर सॅक आहे. गर्दीचा लोंढा तुळशीबागेकडे वळतो, कानातली घ्यायला, कुडते घ्यायला. कोथिंबिरीची जुडी घेऊन मेट्रोत कोण चढणार? तिचं काम मोबाइलवर दहा मिनिटांत होतं. मेट्रो वाईट असं नाही. पाय इथंही कोरडेच आहेत. फक्त स्टेशनातून बाहेर पडणारा माणूस आणि भाजी घेणारा माणूस एकच असेल, असं कुणीतरी धरून चाललेलं दिसतं.

तुम्ही मनोऱ्याचा फोटो काढता, मग कमानींचा, मग रचलेल्या टोमॅटोंचा. ओट्यावरच्या मावशी मेथीवर पाणी मारता मारता हात थांबवतात.

"घ्यायचं का, नुसतंच बघायचं?"