रिकाम्या खोगिराची जागा

गेलेल्या मित्राच्या स्मरणार्थ मोटारसायकली निघतात, तेव्हा पुढच्या रांगेत एक गाडी मावेल एवढी जागा मुद्दाम मोकळी ठेवतात. म्होरक्या एकटा पुढे, त्याच्या बाजूला कुणी नाही, मागे बाकीचे. यवतमाळहून आर्णी, महागाव, उमरखेड करत सहस्रकुंडाकडे निघालेल्या फेरीत एखादं नवखं पोरगं जोशात त्या मोकळ्या जागेत शिरलं, तर मागून हाक येते, "थे जागा त्याची आहे, गाडी आत नको घालू बे!"

ही चाल आली कुठून? नाव सरळ विमानदलातून आलं आहे: 'मिसिंग मॅन'. पहिल्या महायुद्धात मोहिमेवरून परतणाऱ्या विमानांच्या थव्यात पडलेलं खिंडार बघून कोण आलं नाही हे धावपट्टीवरच्या माणसांना कळायचं, असं सांगतात. पुढे ते खिंडारच मानवंदना झालं. १९३८मध्ये अमेरिकेच्या हवाई दलाचे प्रमुख ऑस्कर वेस्टओव्हर विमान अपघातात गेले, तेव्हा पन्नासहून जास्त विमानं उडाली आणि त्यांत एक जागा रिकामी होती.

आपल्याकडचा प्रसंग तर दोन सहकाऱ्यांचा आहे. कारगिलच्या लढाईत २७ मे १९९९ रोजी स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा धारातीर्थी पडले. त्या वेळी त्यांच्या १७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची कमान बी. एस. धनोआ यांच्याकडे होती. बरोबर वीस वर्षांनी, २७ मे २०१९ला, भटिंड्याजवळच्या भिसियाना तळावर धनोआ पुन्हा मिग-२१मध्ये बसले. एव्हाना ते हवाई दलप्रमुख झाले होते. चार विमानांच्या बाणाकृती रचनेत दोन विमानांमध्ये अंतर सोडून त्यांनी आपल्या जुन्या सोबत्याला सलामी दिली. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाला हे काम दुसऱ्यावर सोपवता आलं असतं. त्यांनी ते सोपवलं नाही, म्हणून ती सलामी मला मोठी वाटते.

विमानांच्या आधी घोडे होते. अमेरिकेत १८६५मध्ये लिंकन यांच्या अंत्ययात्रेत त्यांचा ओल्ड बॉब हा घोडा स्वाराविना चालवला होता. १९६३मध्ये केनेडींच्या वेळी ब्लॅक जॅक नावाचा घोडा होता, त्याच्या रिकिबीत बूट उलटे अडकवलेले. स्वार आता परतणार नाही, असा त्याचा अर्थ.

स्वाराविना घोडा मराठी माणसाला मात्र वेगळ्याच कारणाने ओळखीचा आहे. हैबतबाबा आरफळकरांनी १८३२च्या सुमारास ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं. त्यासाठी घोडे दिले बेळगावकडच्या अंकलीच्या शितोळे सरकारांनी. आजही दरवर्षी अंकलीहून दोन अश्व पायी आळंदीला येतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्याची पाठ रिकामी. पण वारकऱ्याच्या लेखी ती रिकामी नाहीच. तिथे माउली बसलेली आहे. म्हणून रिंगण झालं की त्या घोड्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं धावतात. रिकिबीतल्या उलट्या बुटांना सांगायचं असतं की तो गेला. अंकलीचा घोडा सांगतो की तो इथेच आहे.

मोटारसायकलवाल्यांकडे पहिली रीत थेट आली, सैन्यातून. युद्धावरून परतलेल्या अनेकांनी गाड्या घेतल्या, क्लब केले. १९८८मध्ये व्हिएतनामच्या लढाईतल्या बेपत्ता आणि युद्धकैदी जवानांसाठी वॉशिंग्टनमध्ये 'रोलिंग थंडर' फेरी निघाली आणि पुढे वर्षानुवर्षं निघत राहिली. शर्यतीच्या मैदानावरचं उदाहरण इटलीच्या मार्को सिमोन्चेलीचं. २३ ऑक्टोबर २०११ला सेपांगच्या शर्यतीत तो गेला. दोनच आठवड्यांनी व्हॅलेन्सियात सगळ्या गटांतले स्वार एक फेरी मारायला निघाले आणि पुढे सिमोन्चेलीची स्वतःची गाडी होती. ती चालवत होता जुना जगज्जेता केव्हिन श्वांट्झ. नंतर मौनाऐवजी गोंगाट झाला, कारण वडिलांना तेच हवं होतं. पोरगा तसाच होता.

आवाजाचं म्हणाल तर तो ज्याचा त्याचा असतो. सायलेन्सर बदलून चौकाचौकात फटाके फोडणं ही मात्र आठवण नव्हे, त्यात गेलेला माणूस कुठेच नसतो. तो सापडतो त्याच्या गाडीत. महिनोन्महिने उभी राहिलेली जुनी बुलेट फेरीसाठी चालू करायची, तर बॅटरी बसलेली असते, टायरची हवा गेलेली, कार्बोरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकट थर धरलेला. मित्र तो खोलून जेट फुंकून साफ करतात, किका मारतात. आरसे त्याच्याच उंचीला लावलेले असतात आणि चालवणाऱ्याला ते हलवायचा धीर होत नाही. मी म्हणेन, हलवा. मागचा ट्रक दिसलाच पाहिजे.

कारण जागा सोडणं सोपं आहे, ती राखणं कठीण. एक गाडी लेनच्या उजव्या अंगाला, दुसरी थोडी मागे डाव्या अंगाला, अशी रांग धरली तर प्रत्येकाला ब्रेक मारायला वाव राहतो. नवखा म्होरक्याच्या मागोमाग, सगळ्यात अनुभवी शेवटी, पंक्चरचं सामान त्याच्याकडे. कापसाच्या हंगामात आमच्या रस्त्यांवर गाठोड्यांनी फुगलेल्या गाड्या आणि मागचा दिवा नसलेले ट्रॅक्टर असतात, म्हणून परतायचं ते उजेडीच. हमरस्त्यावर ती मोकळी जागा धरता येते. ढाणकीकडून बिटरगावच्या जंगलाच्या बाजूला वळलं की रस्ता अरुंद होतो, समोरून एसटी येते आणि एकेरी रांग करावीच लागते. तेव्हा म्होरक्या हात वर करून एक बोट दाखवतो, सगळे एकामागे एक होतात, आणि त्याच्या मागे एका गाडीचं अंतर जास्तीचं सोडतात.