भिवंडी लोकसभा मतदारसंघातील निवडणूक, २०२४

भारताच्या १८व्या लोकसभेसाठी भिवंडी मतदारसंघात २० मे २०२४ रोजी मतदान झाले. मतमोजणी ४ जून रोजी झाली. राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाचे (शरदचंद्र पवार) सुरेश म्हात्रे ऊर्फ बाळ्यामामा यांनी भारतीय जनता पक्षाचे तत्कालीन खासदार व केंद्रीय राज्यमंत्री कपिल पाटील यांचा ६६,१२१ मतांनी पराभव केला. अपक्ष उमेदवार निलेश सांबरे यांना मिळालेली दोन लाखांहून अधिक मते हे या निवडणुकीचे वैशिष्ट्य ठरले.

मतदारसंघाची रचना

२००८ साली मतदारसंघांची पुनर्रचना झाली. त्यानंतर सध्याच्या स्वरूपातील भिवंडी मतदारसंघात पहिली निवडणूक २००९ मध्ये झाली. या मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात: भिवंडी ग्रामीण, शहापूर, भिवंडी पश्चिम, भिवंडी पूर्व, कल्याण पश्चिम आणि मुरबाड. यांपैकी भिवंडी ग्रामीण व शहापूर हे अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. लोकसभेची जागा मात्र सर्वसाधारण गटातील आहे. भिवंडी ग्रामीणमध्ये वाडा तालुक्याचा काही भाग येतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा स्वतंत्र झाल्यापासून हा मतदारसंघ ठाणे आणि पालघर अशा दोन जिल्ह्यांत विभागला गेला आहे.

यंत्रमागांचे भिवंडी शहर, कल्याणची उपनगरी वस्ती आणि सह्याद्रीच्या पायथ्याचे शहापूर व मुरबाड हे ग्रामीण तालुके असे तीन भिन्न प्रदेश येथे एकत्र आले आहेत. मुरबाड विधानसभा मतदारसंघात मुरबाड तालुक्याबरोबरच बदलापूर शहराचाही समावेश होतो. त्यामुळे नावाने ग्रामीण असलेल्या या विभागातही नागरी मतदारांचा वाटा मोठा आहे.

शहापूर व मुरबाड

दोन्ही तालुक्यांत कुणबी व आगरी समाजांबरोबर ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली या आदिवासी जमातींची वस्ती आहे. भातशेती हा येथील मुख्य व्यवसाय असून ती पावसावर अवलंबून असते. भाताची कापणी आटोपल्यावर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामासाठी स्थलांतर करतात व पावसाळ्याच्या तोंडावर गावी परततात. उन्हाळ्यात होणाऱ्या निवडणुकांमध्ये या कुटुंबांना मतदानासाठी गावी पोहोचणे अवघड जाते.

मुंबईला पाणी पुरवणारी तानसा व भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. तानसा धरणाचे काम १८९२ मध्ये पूर्ण झाले. असे असूनही तालुक्यातील अनेक गावांना आणि पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरने पाणी द्यावे लागते. बारवी धरणामुळे मुरबाड तालुक्यातील काही गावांना विस्थापित व्हावे लागले. त्या धरणाचे पाणी औद्योगिक वसाहतींना व शहरांना जाते. धरण आपल्या हद्दीत आणि पाणी मात्र दुसऱ्यांना, ही येथील मतदारांची जुनी तक्रार आहे.

दळणवळणाबाबत दोन्ही तालुक्यांची स्थिती वेगळी आहे. शहापूर तालुक्यातून मध्य रेल्वेचा कसारा मार्ग जातो. वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी व कसारा या स्थानकांवरून नोकरदार रोज मुंबई-ठाण्याकडे जातात. त्यांची मागणी उपनगरी गाड्यांच्या फेऱ्या वाढवण्याची असते. मुरबाड तालुका अद्याप रेल्वेने जोडलेला नाही. तेथील प्रवासी कल्याण-माळशेज मार्गावरील एसटी व खासगी वाहनांवर अवलंबून आहेत. कल्याण-मुरबाड रेल्वेमार्गाची मागणी अनेक दशकांची असून निवडणुकीच्या प्रचारात ती वारंवार पुढे येते.

मागील निवडणुका

२००९ मध्ये काँग्रेसचे सुरेश टावरे यांनी भाजपचे जगन्नाथ पाटील यांचा पराभव केला. २०१४ च्या निवडणुकीपूर्वी ठाणे जिल्हा परिषदेचे माजी अध्यक्ष कपिल पाटील यांनी राष्ट्रवादी काँग्रेस सोडून भाजपमध्ये प्रवेश केला. त्या निवडणुकीत त्यांनी काँग्रेसचे उमेदवार व कुणबी सेनेचे नेते विश्वनाथ पाटील यांना १,०९,४५० मतांनी हरवले. सुरेश म्हात्रे त्या वेळी महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे उमेदवार होते व ते तिसऱ्या स्थानी राहिले. २०१९ मध्ये कपिल पाटील यांनी टावरे यांचा १,५६,३२९ मतांनी पराभव केला. जुलै २०२१ मध्ये त्यांची केंद्रीय पंचायती राज राज्यमंत्री म्हणून नियुक्ती झाली.

निवडणूक कार्यक्रम व उमेदवार

निवडणूक आयोगाने १६ मार्च २०२४ रोजी कार्यक्रम जाहीर केला. भिवंडीचा समावेश पाचव्या टप्प्यात होता. महाराष्ट्रातील हा शेवटचा टप्पा होता. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत ३ मे, तर माघारीची मुदत ६ मे रोजी संपली.

महायुतीकडून कपिल पाटील तिसऱ्यांदा रिंगणात उतरले. महाविकास आघाडीत ही जागा आधीच्या तिन्ही निवडणुकांत काँग्रेसने लढवली होती. या वेळी ती राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाकडे गेली. त्यामुळे स्थानिक काँग्रेस कार्यकर्त्यांमध्ये नाराजी होती. ठाणे व पालघर जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात शिक्षण व आरोग्याचे काम करणाऱ्या 'जिजाऊ' संस्थेचे संस्थापक निलेश सांबरे अपक्ष म्हणून उभे राहिले. त्यामुळे लढत तिरंगी झाली.

निकाल

मतदारसंघात सुमारे ५९.८९ टक्के मतदान झाले. प्रमुख उमेदवारांना मिळालेली मते पुढीलप्रमाणे:

• सुरेश म्हात्रे, राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार): ४,९९,४६४
• कपिल पाटील, भारतीय जनता पक्ष: ४,३३,३४३
• निलेश सांबरे, अपक्ष: २,३१,४१७

सांबरे यांची मते विजयी मताधिक्याच्या तिपटीहून अधिक होती. कपिल पाटील यांची मते २०१९ च्या तुलनेत सुमारे ९० हजारांनी घटली. म्हात्रे यांना मिळालेली मते २०१९ मधील काँग्रेस उमेदवाराच्या मतांपेक्षा सुमारे १ लाख ३२ हजारांनी अधिक होती. या निकालामुळे भाजपने सलग दोनदा जिंकलेली जागा गमावली.

नंतरच्या घडामोडी

लोकसभेच्या निकालाचा कल विधानसभा निवडणुकीत टिकला नाही. २० नोव्हेंबर २०२४ रोजी झालेल्या विधानसभा निवडणुकीत सहापैकी पाच जागा महायुतीने जिंकल्या. शहापूरमध्ये राष्ट्रवादी काँग्रेसचे दौलत दरोडा यांनी राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे पांडुरंग बरोरा यांचा निसटता पराभव केला. मुरबाडमध्ये भाजपचे किसन कथोरे यांनी सुभाष पवार यांना हरवून आपली जागा राखली. भिवंडी पूर्वमध्ये समाजवादी पक्षाचे रईस शेख विजयी झाले. लोकसभेत विरोधी पक्षाचा खासदार आणि विधानसभेत बहुतांश सत्ताधारी आमदार असे प्रतिनिधित्व त्यामुळे या मतदारसंघाला मिळाले.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. हा टप्पा शहापूर तालुक्यातून जातो व भिवंडी तालुक्यातील आमणे येथे संपतो.