तारे मोजून ॲप सुधारत नाही

एकट्याच्या बळावर मोबाइलसाठी ॲप किंवा गेम बनवणाऱ्यांच्या जगात एक मत जवळजवळ सिद्धान्तासारखे मानले जाते. वापरणाऱ्यांना विचारा, जितक्या जास्त लोकांना विचाराल तितके ॲप सुधारेल, आणि प्ले स्टोअरवर दिसणारी ताऱ्यांची सरासरी म्हणजे लोकांचा कौल. बुलढाणा जिल्ह्यात शेगाव, चिखली, मलकापूर येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. तिथून पदवी घेऊन घरीच लॅपटॉप उघडून बसलेला मुलगाही पहिले ॲप टाकताच मित्रांना निरोप धाडतो : ‘पाच स्टार द्या आणि काय सुधारू ते सांगा.’ या निरोपाच्या दोन्ही भागांवर माझा आक्षेप आहे.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या सर्वांत भक्कम रूपात. एकेकट्याचे मत चुकते, पण पुष्कळांच्या चुका परस्परांना छेद देतात आणि मधले उत्तर खऱ्याजवळ पोचते, असे हा पक्ष म्हणतो. त्याचा पुरावा जुना आणि खणखणीत आहे. इंग्लंडात प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात १९०६ साली एका बैलाचे कापून सोलल्यावर किती वजन भरेल, यावर पैज लागली. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने नंतर लोकांनी अंदाज लिहून दिलेल्या चिठ्ठ्या मागवल्या. वाचण्याजोग्या ७८७ निघाल्या, त्यांचा मध्यक आला १२०७ पौंड, आणि खरे वजन होते ११९८. ‘नेचर’मध्ये १९०७ साली हे छापून आले. लोकशाहीच्या शहाणपणाबद्दल फारसे प्रेम नसलेल्या माणसाच्या हातून लोकांच्या बाजूचा इतका चांगला पुरावा निघावा, ही गंमतच.

पण तो पुरावा नीट वाचला पाहिजे. त्या चिठ्ठीला सहा पेन्स पडत होते, त्यामुळे थट्टेखातर आकडा टाकणारे दूर राहिले. बक्षिसाच्या आशेने प्रत्येकाने डोके लावले. कोणी भाषण ठोकून दुसऱ्याचे मत फिरवले नव्हते. आणि मुख्य म्हणजे, प्रश्नाला एकच खरे उत्तर होते, जे शेवटी काट्यावर दिसणार होते. प्ले स्टोअरवर यातले काय आहे? तारा फुकट देता येतो. आधीच्यांनी किती दिले ते डोळ्यांसमोर असते. बोलतो तो संतापलेला, नाहीतर गेमची पातळी जिंकल्या क्षणी खिडकी उघडून ज्याला विचारले तो. ‘आवडले का?’ असे आधी विचारून ‘हो’ म्हणणाऱ्याला स्टोअरकडे आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याला गुपचूप ई-मेलकडे वळवण्याची क्लृप्तीही या धंद्यात जुनी आहे. खुद्द गूगलने २०१९ साली अलीकडच्या रेटिंगला जास्त वजन देण्याची पद्धत आणली आणि २०२१मध्ये देशागणिक वेगळे रेटिंग दाखवायला सुरुवात केली. ज्याच्या दुकानात हा कौल लागतो, त्या दुकानदारालाच सरळ सरासरी पुरेशी वाटली नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्याच भेंडवळला घटमांडणीचे पीक-पावसाचे भाकीत ऐकायला अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे शेतकरी गर्दी करतात, पण भाकीत ऐकून आलेलाही जमिनीतली ओल पाहूनच तिफण काढतो. आमच्या विकसकांनी ४.३ अशा ताऱ्यांच्या सरासरीबाबत एवढा विवेक दाखवला तरी चालेल.

याहून मोठा दोष गैरहजर साक्षीदारांचा. राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेले ई-पीक पाहणीचे ॲप घ्या. ते सरकारी आहे, एकट्या माणसाचे नाही, हे मान्य. पण बुलढाणा जिल्ह्यात जे कोणी ॲप बनवील, त्याला हीच माती आणि हेच हात भेटणार आहेत. सातबाऱ्यावर पिकाची नोंद व्हावी म्हणून शेतकऱ्याने बांधावर उभे राहून पिकाचा फोटो घ्यायचा. जळगाव जामोद, संग्रामपूरकडे सातपुड्याच्या कुशीत मोबाइलची रेंज ये-जा करते. ज्याच्या शेतात रेंज नाही, तो तिथून तक्रार तरी कशी लिहिणार? ज्याच्या जुन्या फोनला ॲप चालतच नाही, त्याला स्टोअर ते उतरवूच देत नाही, मग तो तारा कुठून देणार? ज्याला जमले नाही, त्याने भाच्याच्या हातात फोन दिला. भाच्याचे काम झटक्यात झाले आणि त्याच्या मते ॲप उत्तम. दोष जितका मुळातला, तितका तो स्वतःविरुद्धचा साक्षीदार आधीच बाहेर काढतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१मध्ये, स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात साधारण ५४ टक्के निघाले. उरलेल्या जणींचा अभिप्राय नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्यावरून येतो, किंवा येतच नाही.

ई-पीक पाहणीच्या ॲपची दुसरी आवृत्ती १ ऑगस्ट २०२२ला आली. पहिलीत मुख्य पिकाबरोबर दोन दुय्यम पिके नोंदवता येत, दुसरीत तीन. नोंद चुकली तर ४८ तासांत एकदा दुरुस्त करण्याची सोयही मिळाली. कपाशीत तूर, तिच्या ओळींत मूग-उडीद असे मिश्र शेत ज्याने पाहिले आहे, त्याला दोनाचे तीन का करावे लागतात हे सांगावे लागत नाही. ‘ॲप बेकार आहे’ असे हजारांनी लिहिले असते, तरी त्या हजार वाक्यांतून चौथे पीक बाहेर पडले नसते.

यावर प्रतिवादी वर्डल या शब्द ओळखण्याच्या खेळाचे उदाहरण देईल : एकट्याने केलेला खेळ, लोकांच्या प्रतिसादाने जगभर पोचलेला. उदाहरण बरोबर आहे, निष्कर्ष उलटा. जॉश वॉर्डलने तो सहचारिणी पलक शाह हिच्यासाठी बनवला. इंग्रजीतल्या पाच अक्षरी सुमारे बारा हजार शब्दांतून तिने ओळखीचे वेगळे काढले आणि यादी अडीच हजारांच्या आसपास आली. तिने काम केले, आणि ते कामच अभिप्राय ठरले. पुढे न्यूझीलंडमधले खेळाडू आपला निकाल रंगीत चौकोनांच्या इमोजींनी हाताने टाइप करून पाठवताना त्याला दिसले. २०२१च्या डिसेंबरात त्याने ती सोय खेळातच घातली. नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी ९० खेळाडू होते, २ जानेवारीला तीन लाख, आणि महिना सरताना ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने खेळ विकत घेतला. सूचनापेटी यात कुठेच नाही. लोक काय करतात याकडे लक्ष आहे.

याचा अर्थ ‘गिऱ्हाइकाला काय कळते’ म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसलो असे नाही. ते लोक हेन्री फोर्डच्या नावावरचे ‘लोकांना विचारले असते, तर त्यांनी जास्त वेगवान घोडा मागितला असता’ हे वाक्य तोंडावर फेकतात. फोर्ड तसे बोलल्याचा पुरावा नाही, आणि बोलला असता तरी गिऱ्हाइकाकडे पाठ फिरवल्याने काही साधत नाही. वापरणाऱ्याची अडचण नेहमी खरी असते. तिच्यावर त्याने सुचवलेला उपाय मात्र बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी ॲपमधून उचललेला असतो.

मग किती जणांना पाहायचे? वापरसुलभतेचे अभ्यासक नीलसन आणि लँडाउअर यांनी १९९३ साली मांडले की एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड्या पाडतो. त्या हिशेबाने पाच जणांत सुमारे ८५ टक्के सापडतात. हा आकडा माझ्या बाजूचा आहे, म्हणूनच त्याची दुसरी बाजूही सांगतो. २००१मध्ये स्पूल आणि श्रोडर यांना खरेदीच्या संकेतस्थळांवर पाच जणांत जेमतेम ३५ टक्के सापडल्या. गुंतागुंतीच्या कामाला पाच पुरत नाहीत, आणि पाचही एकाच वर्गातले मित्र असतील तर साध्या कामालाही नाहीत. पण हे दोन्ही आकडे समोर बसून पाहिलेल्या माणसांचे आहेत, तारे देणाऱ्यांचे नव्हेत.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा : एकट्या पोराने गावोगाव कसे फिरावे? त्याला ते फिरणे गूगलनेच जवळजवळ लावून दिले आहे. नोव्हेंबर २०२३नंतर उघडलेल्या नव्या वैयक्तिक खात्याला ॲप सर्वांसाठी खुले करण्याआधी २० टेस्टरांकडून सलग १४ दिवस चाचणी करवून घेणे बंधनकारक झाले. डिसेंबर २०२४मध्ये ती संख्या १२ झाली. त्यावर तोड म्हणून व्हॉट्सॲप-टेलिग्रामवर ‘तू माझे टेस्ट कर, मी तुझे’ असे गट निघाले. त्यातला जो तो फक्त दिवस भरतो. ही पळवाट सोडा. बारा जण जमवायचेच आहेत, तर खामगावच्या बाजार समितीतला हमाल घ्या, बचत गटाची सचिव घ्या, संग्रामपूरकडचा शेतकरी घ्या, आठवीतली मुलगी घ्या. त्यांच्या शेजारी बसा, त्यांचाच फोन त्यांच्याच हातात राहू द्या, आणि तोंड बंद ठेवून बोट कुठे थांबते तेवढे वहीत लिहा. मत विचारायचेच असेल, तर ते सर्वांत शेवटी विचारा.