क्रमवाचक संख्याशब्द, इंग्रजीतील

रांगेतले, काळातले किंवा मानातले स्थान सांगणारे इंग्रजी शब्द : फर्स्ट, सेकंड, थर्ड, फोर्थ इत्यादी. ‘किती’ याचे उत्तर देणारे वन, टू, थ्री हे गणनावाचक शब्द त्यांहून वेगळे. मराठीतील पहिला, दुसरा, तिसरा यांचे काम हेच शब्द करतात. मात्र मराठी रूप लिंगवचनाप्रमाणे बदलते, इंग्रजी बदलत नाही. पहिला मुलगा आणि पहिली मुलगी या दोघांनाही फर्स्टच पुरतो.

घडण : पहिल्या दोन रूपांचा वन आणि टू यांच्याशी काही संबंध नाही. फर्स्टचा मूळ अर्थ ‘सर्वांत पुढचा’. संस्कृतातील ‘प्रथम’ हा शब्दही ‘पुढे’ अशा अर्थाच्या मुळातूनच निघाला आहे. सेकंड तर बाहेरून आलेला. ‘मागून येणारा’ या अर्थाचा लॅटिन शब्द फ्रेंचमार्गे इंग्लंडात पोचला आणि तिथे रुळला. तोपर्यंत दुसऱ्यासाठी ‘अदर’ हाच शब्द चाले. ‘एव्हरी अदर डे’ म्हणजे एक दिवसाआड, या प्रयोगात त्याचा तो जुना अर्थ अजून शिल्लक आहे. थर्ड मात्र थ्रीचाच. ‘र’ने आणि स्वराने आपसांत जागा बदलल्या, एवढेच. चौथ्यापासून शब्दाला ‘थ’ लागू लागतो. फोर्थ आणि चतुर्थ, सिक्स्थ आणि षष्ठ ही लांबच्या नात्यातली भावंडे होत. मराठीची शिस्त पाचव्यापासून, ‘वा’ या प्रत्ययाने सुरू होते. इंग्रजीची एक पायरी आधी.

लेखन : ‘थ’साठी टी-एच ही अक्षरे जोडली की काम भागते, पण काही ठिकाणी शब्दाचे अंग बदलते आणि शाळकरी चुका नेमक्या तिथेच होतात. फाइव्ह आणि ट्वेल्व्ह यांतील व्ही जाऊन एफ येतो : फिफ्थ, ट्वेल्फ्थ. एटच्या शेवटी टी आधीच असल्याने त्याला नुसता एच लागतो. नाइनमधला शेवटचा ई नाइन्थमध्ये गळतो. ट्वेंटी, थर्टी अशा दशकांच्या शेवटचा वाय जाऊन आय-ई येतात. जोडसंख्येत फक्त शेवटचा घटक बदलतो : ट्वेंटी-फर्स्ट, थर्टी-सेकंड. ज्याने एकविसावा, एकोणतिसावा, त्रेचाळिसावा ही रूपे एकेक करून तोंडी बसवली आहेत, त्याला इंग्रजी इथे फारच सोपी वाटावी.

अंकात लिहिताना शब्दाची शेवटची दोन अक्षरे अंकाला जोडतात. १, २१, ३१ यांना एस-टी. २, २२ यांना एन-डी. ३, २३ यांना आर-डी. बाकी सर्वांना टी-एच. ११, १२, १३ यांचे उच्चार इलेव्हन्थ, ट्वेल्फ्थ, थर्टीन्थ असे असल्याने त्यांनाही टी-एचच लागते, आणि म्हणून १११ किंवा २१२ यांनाही. शेवटचा अंक पाहून प्रत्यय लावणारे इथे फसतात. उच्चार करून मग लिहावे, हा साधा उपाय. बोलताना फिफ्टीन्थ आणि फिफ्टिएथ यांची गल्लत होते. पहिल्यात आघात सहसा शेवटी, दुसऱ्यात सुरुवातीला. तारीख किंवा मजला सांगताना हा फरक कामाचा ठरतो.

वापर : क्रमवाचकापूर्वी सहसा ‘द’ येतो, कारण रांगेत त्या स्थानी एकच जण असतो. ‘माय’, ‘हर’ असा शब्द आधी असेल तर ‘द’ लागत नाही. ‘द’ऐवजी ‘अ’ आला की अर्थ पालटतो : ‘द सेकंड मॅन’ म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा माणूस, ‘अ सेकंड मॅन’ म्हणजे आणखी एक माणूस. दोन्ही प्रकारचे संख्याशब्द एकत्र आले तर क्रमवाचक आधी : ‘द फर्स्ट थ्री’, पहिले तीन.

लिहिलेले आणि वाचलेले यांत फरक पडतो तो तारखांत. ब्रिटिश लेखनात १५ ऑगस्ट असे नुसते असले तरी वाचताना ‘द फिफ्टीन्थ ऑफ ऑगस्ट’ म्हणतात. अमेरिकन माणूस महिना आधी घेऊन ‘ऑगस्ट फिफ्टीन्थ’ म्हणतो. राजेराण्यांच्या नावापुढचा रोमन अंकही क्रमवाचकच वाचायचा : चार्ल्स द थर्ड. हा अंक दुसरा कोणी त्या नावाने गादीवर आल्यावरच लागतो. १९५२ पर्यंत इंग्लंडची पहिली एलिझाबेथ नुसती राणी एलिझाबेथ होती, आणि व्हिक्टोरियाला तर अजूनही क्रमांक नाही. महायुद्धाचे नाव दोन्ही तऱ्हांनी चालते : ‘द सेकंड वर्ल्ड वॉर’ किंवा ‘वर्ल्ड वॉर टू’. भारतीय घटनादुरुस्तीच्या कायद्यांची अधिकृत इंग्रजी नावे मात्र अंकात नसून शब्दांत असतात. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीच्या नावात ‘फोर्टी-सेकंड’ अक्षरी लिहिले आहे.

अपूर्णांकात छेद क्रमवाचक असतो आणि अंश एकाहून अधिक असेल तर तो अनेकवचनी होतो : २/३ म्हणजे टू थर्ड्स. १/२ ला मात्र हाफ, आणि १/४ ला क्वार्टर; अमेरिकेत फोर्थही चालतो. घड्याळातला सेकंद याच कुळातला. तासाचे साठ भाग केले की मिनिट. त्या भागाचे दुसऱ्यांदा साठ भाग केले की लॅटिनमधला तो ‘दुसरा लहान भाग’, म्हणजे सेकंद.

मोजणीचा आरंभ : खरी अडचण रूपांची नसून मोजणी कुठून सुरू करायची याची आहे. ब्रिटनमध्ये जमिनीलगतचा तो ग्राउंड फ्लोअर आणि त्यावरचा फर्स्ट. अमेरिकेत जमिनीलगतचाच बहुधा फर्स्ट. आपण तळमजला, पहिला मजला म्हणतो ते ब्रिटिश पद्धतीला धरून, त्यामुळे अमेरिकेत नव्याने गेलेला मराठी माणूस पहिल्या मजल्यासाठी जिना शोधू शकतो. नाइन्टीन्थ सेंच्युरी म्हणजे १८०१ ते १९००, कारण पहिले शतक इसवी सन १ ला सुरू झाले. १५ ऑगस्ट २०२२ रोजी स्वातंत्र्याला ७५ वर्षे पूर्ण झाली, तरी तो स्वातंत्र्यदिन शहात्तरावा होता, कारण १९४७ चा दिवस पहिला धरला जातो. वाढदिवसात जन्माचा दिवस मोजत नाहीत. म्हणून ‘सेव्हंटी-फिफ्थ बर्थडे’ म्हणजे ७५ पूर्ण. पण एखादा ‘इन हिज सेव्हंटी-फिफ्थ इयर’ असेल तर त्याला पंचाहत्तरावे लागलेले असते, वय ७४. भाषांतरात आणि मृत्युलेखांत हे एक वर्ष सहज इकडचे तिकडे होते.

प्रश्नार्थक रूप : मराठीत ‘कितवा’ आहे, इंग्रजीत त्याच्या तोडीचा रूढ शब्द नाही. ‘हे भारताचे कितवे पंतप्रधान?’ हा प्रश्न इंग्रजीत विचारायचा तर वळसा घ्यावा लागतो : त्यांच्याआधी किती होऊन गेले, किंवा त्यांचा क्रमांक काय. ‘हाऊ मेनी’ला टी-एच जोडण्याचे विनोदी प्रयत्न होतात, पण ते प्रमाण इंग्रजीत बसलेले नाहीत.

उलटपक्षी, जिथे मोजणी अपेक्षित नाही तिथेही इंग्रजीने रूपे घडवली आहेत. उष्मागतिकीचा पहिला आणि दुसरा नियम प्रस्थापित झाल्यावर त्यांच्याही आधी असायला हवा असा एक नियम सापडला. क्रम मोडू नये म्हणून त्याला ‘झिरोथ लॉ’ म्हटले, मराठी पाठ्यपुस्तकांतला शून्यावा नियम. गणितातून ‘एन्थ’ आला. आणि मोजदाद सोडून दिलेल्या वैतागासाठी ‘अम्प्टीन्थ’ आहे. मराठी आई मुलाला ‘शंभरदा सांगितलं’ म्हणते, तेव्हा तिला तोच आकडा अभिप्रेत असतो.