जुन्या वास्तूंचे हरित नूतनीकरण आणि शासकीय धोरण : मराठवाड्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

नवी इमारत बांधताना सिमेंट, वीट व लोखंड यांच्या निर्मितीत मोठी ऊर्जा खर्च होते. उभ्या वास्तूतच सुधारणा करून तिचा वीजवापर व उष्मा कमी केला, तर हा खर्च बहुतांशी टळतो. यालाच हरित नूतनीकरण असे म्हटले जाते. हा विचार मुख्यतः महानगरांतील काचेच्या इमारतींच्या संदर्भात मांडला जातो. तथापि, जुनी वास्तू राखावी की पाडावी, या प्रश्नाला शासकीय धोरणाने दिलेल्या उत्तराचा मोठा अनुभव मराठवाड्याच्या खेड्यांनी घेतला आहे. प्रस्तुत लेखात या अनुभवाच्या आधारे आजच्या धोरणाचा परामर्श घेतला आहे.

माळवदाचे घर

जाड दगडी भिंती, लाकडी खांब-तुळयांचे खण आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर असलेले माळवद ही लातूर-धाराशिव परिसरातील परंपरागत गृहरचना होय. माती व दगड उष्णता सावकाश आत सोडतात. त्यामुळे वैशाखातील दुपारीही असे घर सुसह्य राहत असे. स्थानिक सामग्री, स्थानिक कारागीर व अत्यल्प ऊर्जा हे तिचे विशेष होते. मात्र या रचनेत एक गंभीर दोषही होता. मातीत रचलेल्या भिंतीच्या आतील व बाहेरील थरांना सांधणारे आरपार दगड बहुधा नसत आणि दरवर्षी नवी माती पडल्याने छताचे वजन वाढत जाई.

किल्लारीचा भूकंप आणि बळकटीकरण

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झालेल्या किल्लारी भूकंपात हा दोष प्रकर्षाने उघड झाला. सुमारे 8 हजार लोक मृत्युमुखी पडले. जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाने 1994 पासून महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम राबविला. सर्वाधिक हानी झालेल्या 52 गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. तर तेरा जिल्ह्यांत विखुरलेल्या, कमीअधिक हानी झालेल्या सुमारे दोन लाख घरांसाठी दुरुस्ती, पुनर्बांधणी व बळकटीकरणाची योजना आखण्यात आली. हानीच्या प्रमाणानुसार 17 हजार किंवा 34 हजार रुपयांचे साहाय्य ठरले. भिंतींत आरपार दगड बसविणे, काँक्रीटचा पट्टा घालणे, छतावरील माती कमी करणे असे उपाय सुचविण्यात आले. उभ्या ग्रामीण घरांच्या सुधारणेचा इतका मोठा शासकीय प्रयोग देशात क्वचितच झाला असेल.

या प्रयोगाचा परिणाम विचार करण्यासारखा आहे. अनेक कुटुंबांनी जुन्या घराच्या बळकटीकरणाऐवजी त्याच पैशातून शेजारी एक पक्की खोली उभारणे पसंत केले. ज्या दगडाखाली आप्त गेले, त्या दगडावरील विश्वास उडणे स्वाभाविक होते. दोष जोडणीत व वजनात होता. लोकमानसात मात्र तो दगड-मातीवरच कायमचा चिकटला. अशा रीतीने भूकंपसुरक्षा आणि उष्म्यापासूनचे संरक्षण या एकत्र साधता येण्याजोग्या गोष्टी परस्परविरोधी मानल्या गेल्या.

हरित धोरणाची वाटचाल

याच सुमारास राष्ट्रीय पातळीवर ऊर्जाबचतीचे धोरण आकार घेत होते. 2001 साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला व 2002 मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला. 2007 मध्ये व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता, तर 2018 मध्ये निवासी इमारतींसाठी इको-निवास संहिता आली. कायद्यातील 2022 च्या दुरुस्तीने निवासी इमारतींनाही संहितेच्या कक्षेत आणण्याचा मार्ग मोकळा केला. परंतु या संहितांचा रोख मुख्यत्वे नव्या बांधकामावर राहिला आणि त्यांची मर्यादा 100 किलोवॅट वीजभाराच्या आसपास ठरली. किनवट तालुक्यातील इस्लापूरसारख्या गावातील घर वा शाळा या मर्यादेच्या जवळपासही जात नाही.

उभ्या घरांपर्यंत प्रत्यक्ष पोहोचलेल्या योजना दोन : 2015 पासूनची एलईडी दिव्यांची उजाला योजना आणि फेब्रुवारी 2024 मधील पीएम सूर्यघर योजना. सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटपर्यंत कमाल 78 हजार रुपयांचे अनुदान मिळते. मात्र त्यासाठी स्वतःच्या मालकीचे, पॅनेल पेलू शकणारे छत लागते. माळवद किंवा कमकुवत पत्र्याखाली राहणारे कुटुंब येथेच मागे पडते. त्याच्यासाठी असलेली 2016 सालची ग्रामीण आवास योजना सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार रुपये देते, तेही नव्या पक्क्या घरासाठी. म्हणजेच ज्याचे छत आधीच चांगले आहे त्याला सुधारणेसाठी साहाय्य आणि ज्याचे छत सर्वाधिक तापते त्याने जुने घर सोडावे, अशी ही विभागणी होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

1. मराठवाड्यात वास्तुसुधारणेचे धोरण नवे नाही. 1994 चा कार्यक्रम हा त्याचा महत्त्वाचा पूर्वाधार आहे.

2. केवळ अनुदानाने सुधारणा होत नाही. लोकांचा विश्वास आणि प्रशिक्षित गवंडी नसल्यास पैसा नव्या बांधकामाकडेच वळतो.

3. हरित धोरणाने विजेच्या मीटरबरोबरच छताखालील तापमानाचाही विचार करावा. पत्र्यावर चुन्याचा पांढरा लेप, छताखाली उष्णतारोधक थर, भिंतींना आरपार सांधे यांसारख्या अल्पखर्ची कामांना आवास योजनेत स्थान मिळणे आवश्यक आहे.

किल्लारीनंतर आपण दगड-मातीच्या घरातील धोका ओळखला, परंतु त्यातील शहाणपणाची नोंद घेण्यास विसरलो. उभी असलेली माळवदे पडण्यापूर्वी तरी ती नोंद व्हावी, अशी अपेक्षा या निमित्ताने व्यक्त करावीशी वाटते.