गर्भधारणा आणि स्तनपान यांविषयीच्या इंग्रजी सौम्योक्ती

ज्या क्रियेचा वा अवस्थेचा थेट निर्देश संकोचास कारण होतो, तिचा बोध अन्य शब्दांनी करून देणाऱ्या प्रयोगास सौम्योक्ती म्हणावे. या व्याख्येत दोन अटी आहेत. श्रोत्यास अभिप्रेत अर्थ निःसंदिग्धपणे कळला पाहिजे. आणि तो ज्या शब्दाने कळतो, त्याचा वाच्यार्थ मूळ विषयापासून काही अंतरावर असला पाहिजे. पहिली अट सुटली तर उक्ती कूट होते, दुसरी सुटली तर ती सौम्य राहत नाही.

संकोच हा इंग्रजी भाषेचा मूळ धर्म नव्हे. १६११ च्या बायबल-भाषांतरात ‘ग्रेट विथ चाइल्ड’ आणि ‘गिव्ह सक’ हे प्रयोग निःसंकोच येतात. सौम्योक्तींची दाटी त्यानंतरची आहे.

वर सांगितलेले अंतर कशाचे, यावरून गर्भधारणा व प्रसूती यांविषयीच्या उक्तींचे चार प्रकार पडतात.

(१) कालाचे अंतर. ‘एक्स्पेक्टिंग’ या प्रयोगात प्रस्तुत शरीरावस्था वगळून भावी अपत्याची प्रतीक्षा तेवढी सांगितली जाते. मराठीतील ‘दिवस गेले’ हा याच जातीचा. मात्र त्याची दृष्टी सरलेल्या दिवसांकडे आहे.

(२) स्थानाचे अंतर. ‘कन्फाइनमेंट’ म्हणजे खोलीत बंदिस्त राहणे, ‘लाइंग-इन’ म्हणजे अंथरुणावर असणे. दोहोंचा अभिप्रेत अर्थ प्रसूती. बार्थॉलोम्यू मॉस याने १७४५ मध्ये डब्लिन येथे स्थापिलेले, पुढे रोटंडा म्हणून प्रसिद्धी पावलेले सूतिकागृह आरंभी ‘लाइंग-इन हॉस्पिटल’ होते.

(३) संबंधाचे अंतर. ‘इन द फॅमिली वे’ येथे शरीराच्या जागी कुटुंब येते.

(४) भाषेचे अंतर. हा प्रकार सर्वांत विचारणीय आहे, कारण येथे अर्थ मुळीच बदलत नाही. ‘आय लव्ह ल्यूसी’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेत १९५२ साली नायिका गर्भवती दाखविण्यात आली. परंतु ‘प्रेग्नंट’ हा शब्द उच्चारण्यास सीबीएस वाहिनीची मुभा नव्हती. ८ डिसेंबरच्या भागाचे शीर्षक ‘ल्यूसी इज आँसँत’ असे ठेवले गेले. ‘आँसँत’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ गर्भवती हाच आहे. १९५६ मध्ये शिकागोनजीक सात मातांनी स्तनपानाच्या प्रसारासाठी संस्था काढली. ‘ब्रेस्ट’ हा शब्द वृत्तपत्रांत छापून येणे तेव्हा दुर्घट होते, म्हणून तिचे नाव ‘ला लेचे लीग’ झाले. ‘लेचे’ म्हणजे स्पॅनिशमध्ये दूध. अर्थ तोच राहून केवळ भाषा पालटल्याने संकोच निवारला जात असेल, तर संकोच अर्थात नसून शब्दाच्या निकटतेत आहे, हे सिद्ध होते.

स्तनपानाच्या बाबतीत इंग्रजीने अवयव गाळला आणि शुश्रूषा तेवढी ठेवली: ‘नर्सिंग’. येथे पहिल्या अटीस धक्का लागतो, कारण बाटलीलाही ‘नर्सिंग बॉटल’ म्हणतात. दूध मातेचे की बाहेरचे, हे त्या शब्दावरून निश्चित होत नाही. मराठीत ‘अंगावर पाजणे’ आणि ‘वरचे दूध’ ही जोडी या दृष्टीने अधिक निर्दोष आहे. ‘अंग’ म्हटल्याने अवयवाचा उच्चार टळतो, तरी दुधाचा उगम स्पष्ट राहतो. दोन्ही अटी एकाच वेळी पाळल्या जातात.

चौथ्या प्रकाराचा नियम आज नागर मराठीत उलट दिशेने प्रवर्ततो. जो ‘प्रेग्नंट’ शब्द अमेरिकी वाहिनीस असभ्य वाटला, तोच येथे ‘पोटुशी’, ‘गरोदर’ यांहून सभ्य मानला जातो, कारण येथे तो दूरचा आहे. ‘पाजणे’ या क्रियापदाची जागाही ‘फीड देणे’ घेत आहे. या दुसऱ्या बदलात मात्र हानी आहे. प्रसूतिकक्षात ‘बाळाला फीड दिलं’ असे सांगितल्यावर परिचारिकेस नोंद करता येत नाही. तिला पुन्हा विचारावेच लागते, ‘अंगावरचं की वरचं?’