रविवार मिळाला, रोजाचे काय?

'सुट्टी' हा शब्द आपण किती सहज उच्चारतो! पण मुंबईच्या गिरणी कामगाराला ती भांडून मिळवावी लागली. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा आणि वेळेवर पगार, ही त्यातली काही मागणी होती. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जूनला मालकांनी रविवार मान्य केला.

मला मात्र पुढचा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. ज्याचे पोट रोजावर, त्याला सुट्टी म्हणजे बुडालेली मजुरी! विसावा मिळाला, पण चूल कशी पेटायची? याचे उत्तर यायला फार वर्षे लागली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाला आठ सणांच्या पगारी सुट्ट्या दिल्या. त्या दिवशी कामावर बोलावले, तर दुप्पट मजुरी आणि बदली रजाही द्यावी, असे ठरले.

पण ही तरतूद २०१७ मध्ये आली, तेव्हा ती दहा किंवा अधिक माणसे राबतात तिथली होती. नाक्यावरच्या दुकानातला एकटा पोऱ्या तिच्यात बसत नाही, आपल्याकडे धुणीभांडी करणारी बाईही नाही. तिची पाडव्याची रजा, आणि तीही पगार न कापता, कोणी द्यायची? वाचकहो, तिथे मालक आपणच आहोत.